लिफ्टमधला डबा

खारकीव्हमध्ये वीजकेंद्रावर हल्ला झाला की लिफ्ट मध्येच लटकते. म्हणून अडकेल त्याच्यासाठी इमारतीने मिळून लिफ्टमध्ये एक डबा ठेवला होता: पाणी, बॅटरी, बिस्किटं. मधुमेहामुळे घरात गोड बंद झालेले ओरेस्तआजोबा नवव्या मजल्यावर जाता-येता त्यातलं एक तोंडात टाकत, आणि ‘बिस्किटचोराला लाज कशी वाटत नाही?’ असा इमारतीच्या ग्रुपवर सगळ्यांत मोठा ठणाणाही तेच करत.

“जिन्याने जा, वीज जाईल,” बायको उल्याना रोज बजावायची.

“गुडघे बोलतात गं,” आजोबा कण्हायचे.

आज लांबवर स्फोट झाला, अंधार झाला आणि आजोबांची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये थांबली.

“आत कोण अडकलंय?” बाहेरून शेजारीण ओरडली.

“मीच, दुसरं कोण असणार!”

तासाभरात भूक लागली. शेवटचं बिस्किट सकाळी आपणच गिळलंय हे आठवून त्यांनी स्वतःला चार शिव्या हासडल्या. तरी बॅटरीसाठी डबा उघडला, ती लावली, तर डबा बिस्किटांनी काठोकाठ भरलेला. वर उल्यानाच्या अक्षरात चिठ्ठी:



“चोरा, कधीतरी अडकशीलच. तेव्हा पोटभर खा. दोन महिने मी बिनसाखरेचीच भरतेय.”