मागे बांधलेला बूट

आमच्या इम्बाबा वस्तीतल्या गल्लीत प्लंबर शौकी मी त्याला विकलेली सत्तावीस वर्षं जुनी जावा मोटारसायकल न्यायला आला. मी कालच नवी भारतीय मोटारसायकल घेतली होती. जावाला नजर लागू नये म्हणून मागे बांधलेला माझ्या तामेरचा तान्हेपणीचा बूट सोडू लागलो, तर शौकीने मनगट धरलं. “याच्यामुळेच कधी ओरखडा आला नाही, असं सांगून भाव चढवलास. आता बूट माझा.” “पोराचा आहे तो. नव्या गाडीला बांधीन.” “त्या डब्याला कोण नजर लावतंय?” मी सुतळी कापायला चाकू काढला, त्याने पाना उचलला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून बायकोने भाजीची टोपली दोरीने खाली सोडली. आत तामेरचे तान्हेपणीचे दोन्ही बूट होते. “माझ्या लेकराचा बूट तुझ्या धुराड्याला बांधू देईन होय? तो बांधलेला मी उकिरड्यावरून उचललेला. नव्या गाडीला स्वतःचा बांध.” हात घालायच्या आत टोपली वर गेली.