सायकल उचलायची जागा

आईला, बनुबाईला, सायकलच्या कॅरियरवर बसवून धनाजी चढ चढत होता. एका हातानं तिनं त्याचा सदरा धरला होता, दुसऱ्या हातात हळद-कुंकवाचा करंडा. डावीकडं धरणाचं पाणी, उजवीकडं जांभळीचं रान. ना गाडी, ना हॉर्न, ना माणूस. ह्या शांततेसाठी लोक पुण्याहून येतात. बनुबाईला ती सोसत नव्हती. कुठं कोंबडं आरवत नाही, पोर रडत नाही, कुणी कुणाला शिवी देत नाही.

"मेल्यावानी गप हाय समदं," ती म्हणाली.

गाव त्यांचंच. वाघांसाठी रान राखीव झालं आणि अंजनवाडी उठली. माणसं सांगलीकडच्या माळावर पत्र्याखाली जाऊन बसली. आता गावाच्या वाटेवर फक्त सायकली. गाडीला बंदी, पायी जायलाही बंदी. एका साहेबानं तिथं सहली सुरू केल्या आणि वाट दाखवायला धनाजीला ठेवलं. ज्याला घरातून उठवलं, त्यालाच त्या घराकडची वाट दाखवायची नोकरी! साहेब मनाचा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच की इथं गाव होतं हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. लोक हिरमुसतात. त्यांना माणसाचा हात न लागलेलं रान हवं असतं. झालं! धनाजीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्यात वाट नेमकी त्याच्या घरातूनच गेलेली. पुढच्या दारानं आत, मागल्या भिंतीतून बाहेर. भिंती कधीच पावसानं विरघळल्या होत्या. राहिला होता तो दगडी उंबरा, वाटेत आडवा. दार फिरून फिरून त्याच्या डाव्या कोपऱ्यात खळगा पडलेला. लग्न होऊन आली तेव्हापासून बनुबाई रोज सकाळी त्या खळग्यात कुंकवाचं बोट टेकवायची. निघायच्या दिवशी मात्र गाड्या उजाडायच्या आत दारात आल्या आणि उंबरा पुजायचा राहिला. तेवढं एक तिला खात होतं. काचबिंदूनं डोळे गेले, मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हाही ती इतकी रडली नाही. धनाजी घरी आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, उंबरा हाय का रं? हाय म्हटलं की तिच्या घशाखाली घास उतरायचा. भिंतींचं काय, भिंती पडत्यात, ती म्हणायची. उंबरा हाय तवर घर हाय.

उंबऱ्यावर पाय देत नाहीत, तिथं चाक कसं घालायचं? तिथं आलं की धनाजी उतरायचा, सायकल उचलायचा आणि पलीकडं ठेवायचा. त्याचं बघून मागचे सगळेही उचलायचे. मागच्या सहलीत सृष्टी नावाच्या एका पोरीनं विचारलं, दादा, इथं कुणाचं घर होतं का? साहेब मागंच उभा. धनाजी म्हणाला, छे, घर कुठलं! दगडानं टायर फाटतो, म्हणून उचलायची.

जिभेला काही हाड असतं का? बोलला आणि विसरून गेला.

आज आईला न्यायची परवानगी साहेबानं हसत हसत दिली होती. वर म्हणाला होता, "जा आरामात. तुझा तो त्रास मी मिटवलाय." कसला त्रास, हे धनाजीला उमगलं नव्हतं.

वळण घेतलं आणि उमगलं. वाट सरळ होती. तांबडा मुरूम पसरून, रोलर फिरवून सारखी केलेली. उंबरा नव्हता. कडेच्या नव्या मोरीत ताजे फोडलेले दगड बसवलेले होते. त्यात तो कुठला, देव जाणे. धनाजीनं सायकल थांबवली. आपल्याच तोंडानं आपण आपलं घर मोडलं, एवढंच त्याला कळत होतं.

"आलं का रं?"

"आलं, आये."

ती चाचपत उतरली. आता सायकल उचल म्हणाली. मोकळ्या वाटेवर धनाजीनं सायकल उचलली आणि पलीकडं ठेवली. मग तिचा हात धरून तिला कडेला नेलं. करवंदीच्या जाळीखाली एक लांबट दगड पडला होता. त्यावर त्यानं तिचा तळवा टेकवला.

बनुबाई खाली बसली. तिनं पदर डोक्यावर घेतला. तिची बोटं दगडावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि माघारी आली. डाव्या कोपऱ्याशी थांबून तिथंच चाचपत राहिली. ह्या सगळ्या गडबडीत खळग्याचं धनाजीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग तिनं करंडा उघडला आणि सगळी हळद, सगळं कुंकू त्या दगडावर रितं केलं. करंड्यात चिमूटभरही ठेवलं नाही. हात झटकले आणि त्याच्या चाहुलीच्या अदमासानं तोंड वर केलं.

"हाय रं," ती म्हणाली. "खळगा बी हाय तसाच. उगं जीव जाळू नगंस, लेकरा."

धनाजीनं खाली पाहिलं. सपाट दगडावरून कुंकू घसरत होतं आणि मातीत पडत होतं.