थोरलीचा हात

थोरली आजारपणात गेली तेव्हा डब्यात तिच्या हातचं मण्यांचं एकच कानातलं उरलं होतं.

"राहू दे तसंच," आई म्हणाली. "जोडी एकाच हातची हवी. तिचा दोरा सैल, तुझा घट्ट. मला एका नजरेत कळतं."

धाकटीनं सुई घेतली. तासाभरानं दोन्ही कानातली आईच्या तळहातावर ठेवली. आईनं ती उलटसुलट करून पाहिली, पण नवं कुठलं ते सांगता येईना.

"हा हात कधी शिकलीस?"

"तिची बोटं थरथरायला लागली तेव्हा. वर्षभर सगळी मीच ओवली. तुला कळू द्यायचं नव्हतं तिला."

थोरलीनं जाण्याआधी दिलेली मण्यांची फुलं आईच्या कानात होती. आईचा हात सावकाश तिकडे गेला.

"आणि ही?"

धाकटीनं मान खाली घातली.