जे दिसते तेवढेच

दृष्टी गेल्यावरही काकांनी वाचन सोडले नव्हते. पडद्यावरची अक्षरे संगणक मोठ्याने वाचून दाखवी, आणि त्या आवाजावर त्यांचा डोळ्यांइतका विश्वास होता. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील पाने अंध वाचकांना सुगम आहेत की नाहीत, हे तेच ऐकून ठरवीत. चित्रांची वर्णने पुतणी लिही. काकांचा नियम एकच, जे दिसते तेवढेच लिहावे.

आज शेवटचे चित्र राहिले होते. याच टेबलाशी समोरासमोर बसलेल्या दोघांचे, सकाळीच काढलेले.

संगणक वाचू लागला, "टेबलाशी एक वृद्ध गृहस्थ. समोरची खुर्ची रिकामी."

"काय गं, स्वतःलाच गाळलंस?" काका हसले.

"छे हो काका! 'काका आणि पुतणी' असंच लिहिलंय मी. थांबा, पुन्हा लिहिते." कळा खटखटल्या आणि संगणकाने पुन्हा वाचले,

"वृद्ध गृहस्थ रिकाम्या खुर्चीशी बोलत आहेत."

काकांचे हसू मावळले. इतक्या वर्षांत हा आवाज त्यांच्याशी एकदाही खोटे बोलला नव्हता.

ते उठले. टेबलाच्या कडेकडेने चाचपडत समोरच्या खुर्चीपाशी आले आणि त्यांनी तिच्यावर सावकाश हात फिरवला. पाठ, हात, बैठक. सगळे थंडगार लाकूड.

"काय शोधताय, काका?" त्या खुर्चीतूनच पुतणीने विचारले.