मोठी गाडी

"डिकीत फणस किती मावतील हो?" प्रमिलाबाईंनी शोरूममधल्या सेल्समनला विचारलं.

"आजी, चारशे वीस लिटरची डिकी आहे."

"फणस लिटरवर मोजतात होय?"

हेमंत हसला. आईच्या गुडघ्यांचा विचार करूनच त्यानं ही ऐसपैस गाडी पाहायला घेतली होती. आई मात्र मागच्या सीटवर बसली ती मनानं राजापूरलाच पोचली. पायरीवर तिची थोरली बहीण अक्का हाताला तेल लावून गरे काढत होती. दोघींची आई वारल्यावर याच हातांनी तिनं धाकट्या बहिणीच्या वेण्या घातल्या होत्या.

दोघी बहिणींना भेटून चार वर्षं झाली होती. दर मे महिन्यात अक्का फोनवर म्हणायची, "यंदा तरी ये गो." आणि हेमंत म्हणायचा, "मोठी गाडी घेतली की नेतो, आई."

"सीट कशी वाटली?" त्यानं विचारलं.

"पाठीला छान आहे. गाडी कधी मिळेल?"

"वेटिंग आहे आजी. दिवाळीपर्यंत नक्की," सेल्समन म्हणाला.

प्रमिलाबाई दाराला धरून सावकाश खाली उतरल्या.

"घे रे, चांगली आहे गाडी. पण अक्का चौऱ्याऐंशीची झाली. मला उद्याच्या एसटीत बसवून दे."