एकाच कामाचे दोन चौकोन

भिंतीवरच्या आराखड्यात बिर्गरच्या टेबलाचा चौकोन लाल झाला होता. तो पुसू नकोस, हे सांगायला बिर्गर सकाळपासून तिसऱ्यांदा आला होता.

स्वीडनच्या सैन्यासाठी होणाऱ्या खरेदीत कुठलं काम कोणत्या टेबलावर होतं, हे गुन्नेलने वर्षभर खपून मांडलं होतं. एकच काम दोन ठिकाणी दिसलं की एक टेबल बंद. पॅराशूटच्या दोऱ्या आधी बिर्गर तपासायचा, मग तिसऱ्या मजल्यावरचा लिंदव्हाल.

काम अडू नये म्हणून नियमही चार वर्षांपूर्वी तिनेच केला होता: आठ दिवसांत हरकत आली नाही की संगणक होकार धरतो. दोघांनाही पाठवलेल्या, टेबल बंद करण्याच्या नोटिशीवर बिर्गरची चार पानी हरकत आली. लिंदव्हालची एक ओळही नाही.

"तुला तीन आठवडे लागतात," गुन्नेल म्हणाली. "त्याचा होकार बरोबर आठव्या दिवशी. घड्याळासारखा माणूस आहे."

"मी प्रत्येक दोरी हाताने ओढून बघतो गं."

"तोही बघतोच की."

बिर्गर आराखड्याकडे बघत राहिला. "चौकोन भरपूर काढलेस. माणूस काही दिसला नाही मला यात." मग दारातून वळून त्याने विचारलं, "तुझी लेक तूवा अजून पॅराशूटने उड्या मारते ना?"

"मारते. म्हणून तर मी नीट काम करते."

सोमवारी त्याचं टेबल उचललं गेलं. गुन्नेलला मात्र त्या रात्री धड झोप लागली नाही.

पाच आठवड्यांनी तूवाचा फोन आला. नवी पॅराशूटं आली होती. गुरुवारी दहाला उडी, बाराला जेवायला वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. उशीर झाला तर पॅनकेक संपतात, म्हणून आपण पहिली उडी मागून घेतली, असं ती हसत सांगत होती.

गुरुवारी गुन्नेलने लेकीसाठी मेणबत्ती लावली आणि कचेरीत येताना बदामाच्या हिरव्या मार्झिपानचा केक आणला. त्या नव्या मालावर एकट्या लिंदव्हालचा होकार होता. वर्षभरात आपण त्याला एकदाही भेटलो नाही, याची तिला लाज वाटत होती.

दहाला पाच मिनिटं असताना तिने तिसऱ्या मजल्यावरचं दार ढकललं. टेबलावर न फोडलेल्या पाकिटांचा ढीग होता. वरच्या काही पाकिटांवर तिचीच सही होती. ढिगाशेजारी वाळून काळा पडलेला पुष्पगुच्छ होता, त्याला चिठ्ठी बांधलेली: 'लिंदव्हाल, निवृत्तीच्या शुभेच्छा.' खाली तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची.