पडद्याआडचा तास

“थांबा आता,” डॉक्टर श्रीधर म्हणाले आणि बजरंगच्या छातीवर दाब देणारा विद्यार्थी बाजूला झाला. वारज्याला बांधकामाच्या परांचीवरून पडलेला तो तरुण गेला होता. इमर्जन्सी विभागाच्या दाराला लावलेल्या पडद्याबाहेर त्याची आई तुळजाबाई बाकावर बसून होती. तिला सांगायला शिकाऊ डॉक्टर नीरजा निघाली.

“कुठं चाललीस?” सरांनी बजरंगच्या घशातली श्वासाची नळी स्वतः काढली आणि नीरजापुढे धरली. “परवा तुझ्या हातून अशीच नळी श्वासनळीऐवजी अन्ननलिकेत गेली. मी नसतो तर तो म्हातारा गेलाच असता. घाल आता. मग बाकीच्यांनीही एकेकदा घाला.”

“सर, निदान त्याच्या आईला विचारू या.”

“विचार की. नाही म्हणेल. मग उद्या जिवंत माणसावर शीक.”

सर दुष्ट नव्हते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं कुठं कुठं माणसं वाचवत होती. नीरजानं नळी हातात घेतली. तिनं बजरंगचा जबडा उघडला, जीभ बाजूला सारली. पहिल्यांदाच तिला श्वासनळीचं तोंड स्वच्छ दिसलं. नळी अलगद आत सरकली.

“शाब्बास!” मागून कुणीतरी म्हणालं.

तिला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. तिनं नळी काढून पुढच्याच्या हाती दिली आणि सगळ्यांचं होईपर्यंत खाली मान घालून उभी राहिली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच तुळजाबाईनं ओळखलं. ती जमिनीवर बसली. हंबरडा फोडून फोडून आवाज बसला, तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नीरजाचे दोन्ही हात धरले.

“पडदा हलला तवा दिसलं मला. एक दमला की दुसरा, तुमी समदी वाकून वाकून झटत व्हता. परक्याच्या लेकरासाठी कोण करतं एवढं?” ती पायाशी वाकली. नीरजानं तिला कसंबसं सावरलं.

“तवर जीव व्हता ना त्याच्यात, बाई?”

खरं काय ते नीरजाच्या अगदी ओठांवर आलं. पण आपल्या पोरासाठी इतकी माणसं झटली, एवढंच या बाईपाशी उरलं होतं. तेही कसं हिरावून घ्यायचं?

“हो मावशी,” ती म्हणाली. “अगदी शेवटपर्यंत होता.”

तुळजाबाई मागे सरकली. नीरजाचे हात तिनं सोडून दिले.

“मग मला आत का न्हाई बोलावलं? मी हितंच तर व्हते. माझी हाक तरी ऐकली असती त्यानं.”